बागेत कुत्र्यांसाठी कोपरा हवाय? आधी वेळ मागा, मग जागा

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या वसाहतीला लागून महापालिकेची बाग आहे. वसाहतीतल्या सतरा घरांत कुत्री आहेत. बागेच्या मागच्या कोपऱ्यात कुणी फिरकत नाही. तिथे जाळी मारून कुत्र्यांना मोकळं सोडता येईल असं आवार करावं आणि त्याची देखभाल रहिवाशांनीच करावी, अशी त्यांची कल्पना आहे. त्यासाठी महापालिकेकडे कसं जायचं, किती जागा मागायची आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांची समजूत कशी घालायची, हे त्यांनी विचारलंय.

ताई, मराठवाड्यातल्याच एका महापालिकेच्या उद्यान विभागात माझी बावीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर अशी तीन आवारं उभी करायला हातभार लावला. त्यातली दोन चालू आहेत आणि एक बंद पडलं. बंद पडलेल्यातून जास्त शिकलो, त्याबद्दल शेवटी लिहितो.

पहिली गोष्ट, अर्जात ‘डॉग पार्क’ हा शब्द लिहू नका. तो वाचला की साहेबांच्या डोळ्यांपुढे हैदराबाद उभं राहतं. तिथल्या महापालिकेने २०१८ मध्ये गच्चीबावली-कोंडापूर भागात फक्त कुत्र्यांसाठी बाग केली. १.३ एकर जागा, सुमारे १.१ कोटी रुपये खर्च. चांगलंच काम आहे, पूर्वी तिथे कचरा पडायचा. पण आपल्याकडच्या अधिकाऱ्याने हा आकडा ऐकला की फाइल तिथेच मिटते, आणि ‘इथं माणसाला बाग नाही अन् कुत्र्याला कशाला’ ही बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते.

तुमच्या कामाचा नमुना वेगळा आहे. अमेरिकेत बर्कली नावाच्या गावी भुयारी रेल्वेचं काम झाल्यावर वरची जमीन मोकळी राहिली होती. तिच्या एका तुकड्यावर १९७९ साली कुत्र्यांसाठी प्रयोग म्हणून आवार झालं. जगातलं पहिलं डॉग पार्क म्हणून त्याचंच नाव घेतात, आणि ते सांभाळलं आसपासच्या कुत्रेवाल्यांच्या मंडळाने. न्यूयॉर्कने आणखी स्वस्तातला मार्ग काढला. तिथे ठरावीक बागांमध्ये सकाळी ९ पर्यंत आणि रात्री ९ नंतर बाग बंद होईपर्यंत कुत्रं मोकळं सोडायची मुभा आहे. तिथे जाळी नाही, टेंडर नाही, फक्त घड्याळ आहे.

माझं सांगणं एवढंच आहे. आधी वेळ मागा, जागा नंतर. सहा महिने कोपरा तोच, पण रोजचा एकच तास ठरवा. पट्टा लांब दोरीचा असू द्या, सुटा नको. त्या सहा महिन्यांत एकही तक्रार न येता हा तास चालवून दाखवला की जाळीचा अर्ज आपसूक हलतो. आणि सहा महिन्यांत सतरातली अकरा घरं गळाली, तर जाळी झाली नाही हेच बरं झालं असं तुम्हीच म्हणाल.

वेळ मागायला आधारही आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पाळीव कुत्र्यांना बागेत सरसकट बंदी घालू नये, हवं तर वेळ ठरवून द्यावी, असा त्यांचा रोख आहे. अर्जाला त्याची प्रत जोडा. पण ती फिरायला येणाऱ्या आजोबांसमोर फडकावू नका. कायदा दाखवला की माणूस हट्टाला पेटतो.

आता त्या आजोबांकडे येतो, कारण अर्धं काम तिथेच आहे. सकाळी साडेपाचला बाग उघडते तेव्हा आत येणारे पहिले वीस-पंचवीस जण म्हणजे त्या बागेचे खरे मालक. निवृत्त शिक्षक, एसटीतले, बँकेतले. एक जण तरी कुत्रं चावून इंजेक्शनं घेतलेला असतो आणि तो विसरलेला नसतो. आमच्याकडे पहिल्याच दिवशी एक आजी काठी आपटून म्हणाल्या, “कामून आणलं हे इथं? अंगावर यायलंय की!” कुत्रं होतं आठ महिन्यांचं लॅब्रेडोर, ओळख करून घ्यायला आलेलं. पण आजींच्या गुडघ्याची वाटी बदललेली. धक्का लागून पडल्या असत्या तर लॅब्रेडोरचा स्वभाव गोड होता हे सांगून काय उपयोग? चूक आमची होती. आम्ही त्यांच्या वेळेत गेलो होतो.

त्यामुळे त्यांची वेळ सोडून द्या. सकाळी ५.३० ते ७.३० त्यांची. तुम्ही त्यानंतरचा तास घ्या, नाहीतर रात्रीचा. उन्हाळ्यात आठनंतर जमीन तापते, म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळ सोडाच आणि रात्री साडेआठ ते साडेनऊ ठेवा. बागेचा दिवा कोपऱ्यापर्यंत पोचत नसेल तर एका खांबाची मागणी याच अर्जात घाला, ती लवकर मंजूर होते. मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की सिमेंटचा ट्रॅक संध्याकाळी सातलाही पोळतो. हाताची उलटी बाजू जमिनीवर टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर कुत्र्याचे तळवे भाजणार. पग, बुलडॉगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना तर उष्मा झपकन चढतो.

जागेबद्दल. अमेरिकन केनेल क्लब, म्हणजे तिथली कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था, एक एकर किंवा जास्त जागा सुचवते. आपल्या बागांत ते स्वप्नच. १० गुंठे मिळाले तरी पुष्कळ. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. चौकोनी धरलं तर चारही बाजूंची मिळून जाळी सुमारे ४१७ फूट लागेल. पण तुमचा कोपरा आहे, दोन बाजूंना बागेची भिंत आधीच आहे. म्हणजे जाळी निम्मीच, २१० फुटांच्या आत-बाहेर. कोपरा मागण्यातला खरा फायदा हा आहे, आणि अंदाजपत्रक करणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला तो लगेच पटतो. लेकरांच्या घसरगुंडीपासून लांब आणि कुणाच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नाही, एवढं मात्र आधी बघून घ्या. दुसरं लोक विसरतात, आणि रात्री साडेनऊला कुत्री भुंकली की तक्रार भिंतीपलीकडच्या घरातून येते.

नगररचना विभागात जाऊन एकदा विकास आराखडा पाहा. जागा ‘उद्यान’ म्हणून आरक्षित आहे, ‘क्रीडांगण’ म्हणून आहे, की लेआउटमधली खुली जागा आहे, यावर पुढचं ठरतं. उद्यान असेल तर उत्तम. क्रीडांगण असेल तर सोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा-कॉलेजं, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकांसोबत क्रीडासंकुलंही आहेत, या आवारांतून भटकी कुत्री हलवायला सांगितलंय. तो आदेश पाळीव कुत्र्यांबद्दल नाही, हे मला-तुम्हाला कळतं. पण मैदानाला लागून कुत्र्यांचं आवार हा विषय निघाला की कुणीही तो कागद पुढे करेल. लेआउटची खुली जागा असेल तर तिथे आधीच मारुतीचं देऊळ, सभामंडप आणि गणपतीचं स्टेज असतं. तिथे बोलणं देवळाच्या समितीशी करावं लागतं. ते जमतंही, पण त्यात वर्ष जातं.

जाळीवर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे पैसे वाया जातात. आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते. आमच्या पहिल्या आवाराला ठेकेदाराने दीड फूट खड्डा खणून लोखंडी अँगल रोवले. मे महिन्यात सगळं ओळंब्यात होतं. ऑगस्टमध्ये एक एक खांब आपापल्या मनाने कलला. फाटक खाली बसलं, कडी लागेना, म्हणून कुणीतरी त्याला वायरने बांधून टाकलं. जाळी एका ठिकाणी जमिनीपासून वीतभर वर आली आणि त्या वीतभर फटीतून एक डॅशहुंड बाहेर निघून थेट भाजीबाजारात सापडला. तेव्हापासून सांगतो: खड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्या, मग काँक्रीट भरा. माती फारच खोल असेल तर खड्डा खाली रुंद आणि वर निमुळता घ्या, म्हणजे जमीन फुगली तरी खांब उपटत नाही. जाळीची खालची कड सहा इंच जमिनीत पुरा, किंवा खालून विटांचा एक थर फिरवा.

उंची चार फूट पुरते असं पुस्तकी उत्तर आहे. लातूर-धाराशिव भागात ते लागू नाही, कारण आपल्याकडे कारवान जातीची कुत्री आहेत. सतरा घरांत एक तरी असेलच, किंवा पश्मी, म्हणजे त्याच जातीचं पण कानाला-शेपटीला झालरीसारखे केस असलेलं. हे शिकारीचं, दृष्टीवर धावणारं कुत्रं. पलीकडून मांजर गेलं की ते चार फुटांची जाळी पळता पळता ओलांडतं, आपल्याला फक्त पोटाखालचा पांढरा पट्टा दिसतो. सहा फूट जाळी घ्या. खर्च वाढतो, पण कुत्रं रस्त्यावर ट्रकखाली गेल्यावर तो वाढीव खर्च आठवत बसावं लागत नाही.

फाटक दुहेरी हवं. बाहेरचं उघडून आत या, ते लावा, मग पट्टा काढून आतलं उघडा. मधला चौक पाच बाय सहा फुटांचा पुरे. यावर तडजोड करू नका. ‘एक फाटक वाचवू’ म्हणणारा अभियंता भेटेलच, त्याला चहा पाजा पण ऐकू नका. जागा निघाली तर एक चतुर्थांश भाग लहान कुत्र्यांसाठी वेगळा काढा.

आतली जमीन. हिरवळ मागू नका. कुत्र्याच्या मुताने ती जागोजागी जळते आणि तिला पाणी लागतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं तुमचं शहर. तिथे कुत्र्यांच्या लॉनला नळ मागणाऱ्या माणसाचं मी काही सांगायला नको. मुरूम टाका, सहा इंच, एका बाजूला उतार देऊन, दाबून. पावसाळ्यात चिखल होत नाही. कडेने कडुनिंब, करंज लावा. पिण्याचं पाणी प्रत्येकाने घरून आणावं, आपलं भांडं आपल्यापुरतं. हे पाण्याच्या टंचाईमुळे आहेच, पण सामाईक भांड्यातून खोकल्याची साथ सगळ्या सतरा घरांत आठवड्यात पोचते. एक वीस लिटरचा जार आणि साबणाची वडी मात्र तिथे कायम असावी. चुकून कुणाला दात लागला तर जखम पंधरा मिनिटं साबण लावून धारेखाली धुवायची आणि तसंच सरकारी दवाखान्यात लशीला जायचं. हळद-चुना काही लावायचं नाही.

झाडांची पाहणी तुम्हीच करा. उद्यान विभागाचं आवडतं झाड कण्हेर, कारण तिला पाणी लागत नाही आणि जनावर खात नाही. जनावर खात नाही याचं कारण ती विषारी आहे, पान, फूल, खोड सगळं. पिवळी बिट्टीही तीच गत. सायकस शोभेला छान दिसतं, पण त्याच्या बिया पिल्लाने चघळल्या तर यकृत जातं. ही तिन्ही आवारातून काढायला सांगा. मी स्वतः नोकरीत असताना शेकड्याने कण्हेर लावली आहे, तेव्हा हे प्रायश्चित्त समजा.

आणि सराटे. मागच्या कोपऱ्यात कुणी फिरकत नाही म्हणालात, म्हणजे तिथे सराटे, कुसळ आणि गाजरगवत असणार. आमच्या पहिल्या रविवारी नऊ कुत्री आत सोडली आणि दोन मिनिटांत सगळी तीन पायांवर. प्रत्येकाच्या बोटांच्या मध्ये सराट्याचं काटेरी फळ रुतलेलं. मालक लोक मांडी घालून मुरमावर बसले आणि चिमट्याने काटे काढत राहिले, तीच आमची उद्घाटनाची सभा. कुसळ त्याहून वाईट, कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरलं की आतच सरकत जातं आणि डॉक्टरला कापून काढावं लागतं. पहिल्या पावसानंतर सराटा फुलायच्या आत मुळासकट उपटा. फळं धरल्यावर उपटलं तर बी पेरल्यासारखंच होतं. गाजरगवत उपटताना हातमोजे घाला.

आता भटकी कुत्री. कोपऱ्यात कुणी फिरकत नाही असं तुम्हाला वाटतं, पण तो कोपरा चार-पाच कुत्र्यांचा आहे. त्यांना हाकलून द्या अशी मागणी अर्जात कधीही घालू नका. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच जागी सोडायचं असतं. एक टोळी उचलली तर दुसरी येते, तीही बिनलशीची. उलट त्या पाचांची नावं, रंग, खुणा लिहून पहिल्या अर्जातच त्यांच्या नसबंदीची आणि रेबीजच्या लशीची विनंती करा. कानाला खाच, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, पडलेली ती पाच कुत्री पुढे तुमच्या आवाराचे पहारेकरी होतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला प्रत्येक प्रभागात खाऊ घालायच्या जागा ठरवायला सांगितल्या आहेत. तशी जागा तुमच्या आवारापासून बरीच लांब, बागेच्या बाहेर ठरवून घ्या. जाळीजवळ भाकरीचे तुकडे पडले की रोज जाळीच्या दोन्ही बाजूंनी भांडण. सुरुवातीचे दोन महिने जाळीच्या खालच्या तीन फुटांना शेतातली हिरवी शेडनेट बांधा. एकमेकांचं तोंड दिसलं नाही की निम्मं भुंकणं थांबतं. भटक्यांना आत घ्यायचं का, हा वाद प्रत्येक समितीत होतो. माझं मत असं की कानाला खाच आहे, लशीचा कागद आहे आणि जबाबदारी घेणारं एक घर आहे, तर घ्यावं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. पत्र आयुक्तांच्या नावे, प्रती उद्यान विभागाला आणि पशुवैद्यकीय विभागाला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सोबत सतराही कुत्र्यांचे महापालिकेचे परवाने आणि रेबीज लशीचे दाखले लावा. हा माझा हुकमी पत्ता आहे. आपल्या शहरांत कुत्र्याचा परवाना काढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एका वसाहतीने सतरा परवाने एका दिवशी काढले की तुम्ही तक्रारदार राहत नाही, तुम्ही त्यांच्या अहवालातला आकडा होता.

नवी संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात आणि धर्मादाय कार्यालयाच्या चकरा. वसाहतीचं नोंदलेलं रहिवासी मंडळ किंवा ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर त्याचीच उपसमिती करा. ज्येष्ठ नागरिक संघाची केली तर आणखी बरं, आजोबा आपोआप कागदावर येतात. पैसा प्रभागाच्या निधीतून मागा. अर्ज डिसेंबरच्या आत पडला पाहिजे, अंदाजपत्रकाच्या बैठका त्यानंतर लागतात. मार्चमध्ये गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’. कारखान्याकडे जायचं असेल तर कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत प्राणी कल्याण हा विषय आहे, म्हणजे सीएसआरमध्ये, कंपनीच्या सामाजिक कामाच्या खर्चात, बसतं. महापालिकेसोबतच्या करारात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: जागेवर समितीचा हक्क नाही, प्रवेश फी नाही, वसाहतीबाहेरच्यांनाही नियम पाळून येता येईल. पहिल्या वाक्याने अधिकारी निवांत होतो आणि तिसऱ्याने तुमच्यावर ‘बाग बळकावली’ हा आरोप होत नाही.

फाटकावरचे नियम मोजके ठेवा. लशीशिवाय नाही. चार महिन्यांखालचं पिल्लू नाही, कारण पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. माजावर आलेली कुत्री नाही. गोचीड दिसली तर घरी परत. बारा वर्षांखालच्या मुलाच्या हाती पट्टा देऊन पाठवायचं नाही. आत खाऊ आणि चेंडू काढायचा नाही, भांडणं बहुतेक त्यावरूनच होतात. मालक आतच राहील, फोनवर नाही. चावरेपणा वागण्यावर ठरवा, जातीवर नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त तक्रारी एका पॉमेरेनियनच्या होत्या. आणि चावलं तर जबाबदारी मालकाची, समितीची नाही. भारतीय न्यायसंहितेचं कलम २९१ जनावराबाबतच्या निष्काळजीपणाबद्दलच आहे, हे सभासदांकडून सहीनिशी वाचून घ्या.

शी उचलण्याबद्दल मी भाषण देत नाही. जुन्या वर्तमानपत्रांचे चौकोन कापून फाटकाला तारेत अडकवा, खाली झाकणाची बादली ठेवा, आणि ती रोज कोण रिकामी करणार त्याचं नाव खडूने लिहा. नाव लिहिलं नाही तर ते बागेच्या माळ्यावर पडतं, आणि माळी चिडला की तुमचं आवार संपलं. माळी हा बागेतला सगळ्यात मोठा अधिकारी आहे. दिवाळीला त्याला विसरू नका. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या दिवशी बागेत मोफत लसीकरण ठेवा. तुमच्या जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यांना पत्र लिहून बघा. ज्यांच्या दारातल्या भटक्या कुत्र्याला तुम्ही लस टोचून दिली, ते शेजारी पुढे बोलताना आवाज खाली ठेवतात.

राहिलं ते बंद पडलेलं आवार. जागा छान होती, जाळी सरळ होती, पैसे पूर्ण मिळाले होते. किल्ली एकाच गृहस्थांकडे होती, कारण सगळ्यात उत्साही तेच. रोज पहाटे उघडायचे, रात्री लावायचे, सराटे उपटायचे. त्यांचा मुलगा पुण्याला, ते दिवाळीनंतर तिकडे राहायला गेले. किल्ली त्यांनी कुणाकडे दिली हे तिघांनी तीन प्रकारे सांगितलं. कुलूप तोडायचं कुणाला जमेना, सरकारी मालमत्ता. जानेवारीत मी गेलो तेव्हा आत गाजरगवत कमरेएवढं होतं आणि जाळीच्या बाहेर पट्ट्याला बांधलेला एक जर्मन शेफर्ड आत बघत बसला होता, मालक बाकावर फोन बघत.

म्हणून किल्ल्या तीन करा. एक समितीच्या सचिवांकडे, एक फाटकाच्या सगळ्यात जवळच्या घरात, मग त्या घरात कुत्रं नसलं तरी चालेल, आणि एक माळ्याच्या खोलीत खिळ्याला. तिन्ही नावं फाटकावर रंगवा आणि माणूस बदलला की त्याच दिवशी नाव बदला. सध्या तुमच्याकडे कुलूपच नाही, तर येत्या रविवारी सतरा घरांना फक्त हातमोजे, खुरपं आणि चिमटा घेऊन बोलवा. कुत्री घरीच ठेवा. किती जण येतात ते मोजा आणि मला कळवा, मग अर्जाचा मसुदा करू.